मोटर बिचारी निर्दोष

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलंही मशीन अडलं की पहिला संशय मोटरवर. आवाज तिचा, वास तिचा, हात लावला तर चटका तिचा, त्यामुळे बिलही तिच्याच नावावर फाटतं. स्टेपर, म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणाऱ्या मोटरच्या वाट्याला तर हे जरा जास्तच येतं. "मोटरा वीक झाल्यात, एक साईज मोठ्या टाकूया" असं ठरवूनच माणूस माझ्या दुकानात येतो. मी मोटरकडे न बघता पॅनेलचं दार उघडायला सांगितलं की त्याला वाटतं, हा काम टाळतोय.

मी इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. लेथ, वेल्डिंग मशीन, इंडक्शन फर्नेसचं कंट्रोल कार्ड, अधूनमधून इचलकरंजीच्या लूमवाल्यांचं काहीतरी. गेल्या पावसाळ्यात एका पॅटर्न शॉपमधलं जुनं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन, हाती आलं. मशीनमध्ये नक्की काय म्हातारं होतं आणि काय होत नाही, याचा मला स्वतःलाच नीट विचार करायला लावणारं ते काम होतं.

आधी पॅटर्न शॉप म्हणजे काय ते सांगतो, कारण कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला आमचं गाव तांबडा-पांढरा रस्सा आणि चप्पल एवढ्यावरच माहीत असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या ओळीनं उभ्या आहेत. कुठल्याही कास्टिंगच्या आधी पॅटर्न लागतो. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा हुबेहूब आकार करायचा, तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा लागतो. त्यासाठी पॅटर्न मेकरकडे वेगळीच पट्टी असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे खरे एकशे एक. नवख्या पोराच्या हातात चुकून ती पट्टी गेली आणि त्यानं तिच्यावर घरचं कपाट मोजलं, असले किस्से प्रत्येक पॅटर्न शॉपमध्ये ऐकायला मिळतात.

या शॉपचे मालक सत्तरीला आलेले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मीही. हाताने पटाशी चालवत वाढलेला माणूस. राउटर त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वापरलेलं म्हणून घेतलं होतं. बेड ओतीव लोखंडाचा, जाड, आणि इतका जुना की त्यातला सगळा ताण कधीच निघून गेलेला. तीन अक्ष, पाच मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्याला अक्ष पाच मिलिमीटर सरकवणारे) बॉल स्क्रू, तीन स्टेपर मोटरा. कंट्रोलला एक पिवळा पडलेला डॉसवाला कॉम्प्युटर.

तक्रार दोन तऱ्हेची होती. एक म्हणजे मिनिटाला 1200 मिलिमीटरच्या वर नेलं की स्टेप सुटायची. स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. कॉम्प्युटर एक पल्स पाठवतो, मोटर एक पाऊल टाकते, आणि तिनं ते टाकलं असं सगळे धरून चालतात. एखादं पाऊल चुकलं तर मशीन ओरडत नाही, थांबत नाही. पुढचा सगळा पॅटर्न गुपचूप सरकून निघतो. दोन अर्धुकं जोडायला घेतली की मग कळतं. दुसरी तक्रार उलटी, हळू चालतानाची. पॅनेलवर मार्करनं ठळक लिहिलं होतं: "एफ 150 ते 200 टाळणे". एफ म्हणजे फीड, मिनिटाला किती मिलिमीटर ती चाल. त्या चालीत मोटर गुरगुरायची, सगळं टेबल थरथरायचं आणि लाकडावर बारीक लाटा उठायच्या. मग पोरं त्या पॉलिश पेपरनं घासत बसायची.

"मोटरा मोठ्या घालूया की," मिस्त्री म्हणाले. "तू नुसती किंमत सांग."

"मिस्त्री, आधी पॅनेल बघू दे."

"बघ बाबा. त्यात धुरळ्याबिगर काय न्हाई."

धुरळा होता, खरं आहे. फौंड्रीच्या आसपासची धूळ साधी नसते. काळी, बारीक, लोखंड आणि कोळशाचा अंश असलेली. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती कार्डावर चिकटते आणि आयसीच्या दोन पायांच्या मध्ये वीज वाहून नेऊ लागते. दर पावसाळ्यात "आपोआप" बिघडणारी आणि दिवाळीला "आपोआप" सुधारणारी कार्डं आमच्याकडे येतात, त्यांचं गुपित बहुतेक वेळा एवढंच. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली की निम्मा रोग जातो.

पण या पॅनेलचा मुख्य आजार वेगळा होता आणि तो जन्मापासूनचा होता. मागच्या बाजूला पत्र्यावर हिरव्या रंगाच्या जाडजूड वायरवाउंड रेझिस्टन्सची रांग. वरचा रंग भाजून तपकिरी झालेला, शेजारच्या वायरींचं इन्शुलेशन कडक होऊन बोटानं तुटत होतं. कार्डावर एल 297 ही जुनी आयसी पल्स मोजून कुठली कॉईल चालू करायची ते ठरवत होती आणि पुढे पॉवर ट्रान्झिस्टर नुसते स्विच म्हणून बसले होते. करंट किती जावा हे ठरवण्याचं काम त्या रेझिस्टन्सवर सोडलेलं.

हिशेब सोपा आहे. मोटरच्या पाटीवर लिहिलंय 4 अँपिअर, 2.6 व्होल्ट, म्हणजे कॉईलचा रोध 0.65 ओहम. आता 2.6 व्होल्टची मोटर 24 व्होल्टवर का चालवायची? कारण कॉईलला इंडक्टन्स असतो आणि तो करंटला पटकन वाढू देत नाही. उसानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरनं जागची हलवायची असेल तर सुरुवातीला जोर लागतो, तसा इथं व्होल्टेजचा जोर लागतो. पण 24 व्होल्ट सरळ दिले तर करंट 4 वर थांबणार नाही, मोटर जळेल. म्हणून मधे साधारण साडेपाच ओहमचा रेझिस्टन्स. एकूण 6 ओहम, 24 व्होल्ट, 4 अँपिअर. हिशेब जुळला. फक्त त्या रेझिस्टन्समध्ये सुमारे 86 वॅट उष्णता होऊन जातात. एका मोटरला दोन, तीन मोटरांना सहा. म्हणजे मशीन नुसतं उभं असलं तरी पाचशे वॅटची शेगडी पॅनेलमध्ये पेटलेली. मशीन घेतल्यापासूनचं ते लाईटबिल मी मिस्त्रींना सांगितलं नाही. उगाच कशाला.

एवढं जाळूनही काम पुरं होत नव्हतं. मोटरचा इंडक्टन्स 2.2 मिलिहेन्री. या जोडणीत करंट पूर्ण भरायला जवळपास 1.1 मिलिसेकंद लागतात. आता 1200 च्या फीडला पाच मिलिमीटरचा स्क्रू मिनिटाला 240 फेरे घेतो. एका फेऱ्यात 200 पावलं, म्हणजे सेकंदाला 800, म्हणजे एका पावलाला सव्वा मिलिसेकंद. करंट कसाबसा भरतो न भरतो तोच कॉईल बदलायची वेळ येते. याच्या वर गेलं की कॉईल अर्धपोटीच राहते आणि अर्धपोटी माणसाकडून पोती उचलून घेतली तर तो पडणारच. 1200 हा आकडा मिस्त्रींच्या पोरांनी वर्षानुवर्षं चुकत-माकत शोधलेला होता; तो कागदावर असा सरळ निघाला तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

याच पॅनेलला मोठी मोटर लावली असती तर? मोठ्या मोटरचा इंडक्टन्स बहुधा जास्त. ती हळू चालताना जोर दाखवते आणि वेगात जुन्या मोटरच्याही आधी मान टाकते. पैसे खर्चून मशीन मंद करून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

नवीन ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं कार्ड, हे काम वेगळ्या रीतीनं करतो. व्होल्टेज भरपूर ठेवायचं, रेझिस्टन्स काढून टाकायचा आणि करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचनं पुरवठा तोडायचा, कमी झाला की पुन्हा जोडायचा. सेकंदाला हजारो वेळा. याला चॉपर म्हणतात. यात जळत फारसं काहीच नाही. व्होल्टेज किती असावं याचा मशीनवाल्यांमध्ये चालणारा एक ठोकताळा आहे: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढा आणि 32 नं गुणा. इथं उत्तर 47 च्या आसपास आलं, म्हणजे 48 व्होल्ट. मोटर आठ वायरींची होती, म्हणजे प्रत्येक फेजला दोन कॉईल; जुन्या जोडणीत त्यातली एकच एका वेळी चालू असायची, म्हणजे अर्धंच तांबं कामाला लागायचं. दोन्ही कॉईल पॅरलल केल्या, करंट 5.6 अँपिअर लावला. आता तो करंट भरायला पाव मिलिसेकंद पुरतो. मोटर तीच.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट मात्र मला स्वतःला फार आवडली. जुन्या ट्रान्सफॉर्मरला 18 व्होल्टच्या दोन सेकंडरी होत्या आणि त्या पॅरलल जोडलेल्या होत्या. 18 गुणिले 1.41, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमध्ये थोडं जातं, 24 व्होल्ट डीसी. त्याच दोन्ही सिरीज केल्या की 36 व्होल्ट एसी आणि फिल्टरनंतर 49 च्या पुढेमागे. म्हणजे लागणारं व्होल्टेज त्या जड लोखंडी ठोकळ्यात पहिल्यापासून होतंच, एक तार इकडची तिकडे करायची होती. कपॅसिटर मात्र 35 व्होल्टचे होते, ते शंभरचे घालावे लागले. नाहीतर पहिल्याच स्विचला फटाका. आणि ड्रायव्हर 50 व्होल्ट कमालवाला न घेता 80 वाला घेतला. आमच्याकडे रात्री लोड उतरला की 230 चे 260 होतात आणि मग हे 49 सरळ छप्पनच्या घरात जातात. कॅटलॉग लिहिणाऱ्याला उद्यमनगरची रात्र माहीत नसते.

हळू चालीतल्या लाटांचं कारण समजून घ्यायला या मोटरचा जन्म बघावा लागतो. आज जी 200 पावलांची मोटर जगभर वापरतात तिचा पूर्वज अमेरिकेतल्या सुपीरियर इलेक्ट्रिक कंपनीची स्लो-सिन मोटर. ती मुळात पावलं टाकायला बनलीच नव्हती. रोटरला 50 दात आणि वीज थेट मेन्सची, एका फेजला कपॅसिटर लावून. विजेच्या एका आवर्तनाला रोटर एक दात पुढे सरकतो. तिकडच्या 60 हर्ट्झवर ती मिनिटाला 72 फेरे घ्यायची. आपल्या 50 हर्ट्झवर बरोबर 60, सेकंदाला एक. गिअर न लावता इतकी संथ आणि सरळ चालणारी मोटर. म्हणजे हिला पहिल्यापासून साइन वेव्हचीच सवय. तिला "चालू-बंद, चालू-बंद" असे धक्के देऊन पावलं टाकायला आपण लावलं. प्रत्येक धक्क्याला रोटर थोडा पुढे जातो, मागे येतो, डोलतो आणि स्थिरावतो. पल्सची गती त्या डोलण्याशी जुळली की गुरगुर. एफ 180 ला सेकंदाला 120 पावलं पडतात. नेमकी तीच गती या टेबलाला बाधत होती.

मायक्रोस्टेपिंगमध्ये, म्हणजे एका पावलाचे बारीक तुकडे करताना, ड्रायव्हर दोन कॉईलना साइन आणि कोसाइनच्या पायऱ्या देतो. म्हणजे मोटरला तिचं जुनंच खाणं परत मिळतं. मी फेऱ्याला 2000 पल्स लावले. लोकांना इथे मोह होतो. ड्रायव्हरवरचे बारीक स्विच सरकवून 25,600 पर्यंत जाता येतं आणि मग ते सांगत सुटतात, मशीन मायक्रॉनमध्ये चालतंय. चालत नाही. मोटरचीच चूक पूर्ण पावलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते, आणि एका मायक्रोस्टेपमागचा जोर इतका तुटपुंजा की घर्षण त्याला हलू देत नाही. दहा-बारा जमा झाले की मग टेबल सरकतं. मायक्रोस्टेपिंग गुळगुळीतपणासाठी घ्यावं, अचूकतेच्या बढाईसाठी नाही. त्यात जे लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि ज्याचा पॅटर्न शंभराला एक मिलिमीटर मुद्दाम मोठा करायचा, तिथं मायक्रॉन कुणाला दाखवायचे?

2000 पल्सनी एका मिलिमीटरला 400 होतात. 3000 च्या फीडला सेकंदाला 20,000. हे जुन्या डॉसवाल्याला झेपणारं नव्हतं, तेव्हा तो गेला. त्याच्या जागी पॅरलल पोर्ट असलेला एक वापरलेला डेस्कटॉप आणि लिनक्स-सीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. हे फुकट मिळतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण याचं मूळ अमेरिकन सरकारच्या निस्ट या मोजमापाच्या संस्थेत आहे, 1990 च्या दशकातलं. मिस्त्रींच्या मुलाला, जो आयटीआय करून आलाय आणि मला काका म्हणतो, त्याला हे दोन संध्याकाळीत जमलं.

जोडणी झाल्यावर मी सगळ्यात आधी जी तपासणी करतो ती दिसायला फार बाळबोध आहे. टेबलाला डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं काट्यानं दाखवणारं मापक, टेकवायचा, शून्य करायचा आणि एक अक्ष पुढे-मागे पन्नासेक वेळा पळवायचा. परत आला की काटा शून्यावर पाहिजे. इथं तो दर खेपेला एकाच बाजूला किंचित सरकत होता. जोर कमी पडला असता तर सरकणं वेडंवाकडं झालं असतं. नेमानं, एकाच दिशेला सरकणं म्हणजे दिशा बदलताना एक पल्स चुकीच्या बाजूला मोजला जातोय. ड्रायव्हरला दिशेचा सिग्नल पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी हवा असतो, आणि पल्सची चढती कड धरायची की उतरती हेही दोन्हीकडे सारखं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये पल्स उलटा केला, काटा शून्यावर. बरीच मशीनं "नवीन ड्रायव्हर लावल्यावर बिघडली" म्हणून बदनाम होतात ती एवढ्यासाठी.

मग पहिला मोठा पॅटर्न लावला, पंपाच्या केसिंगचा. 3000 ला मशीन पळालं. मिस्त्री कान देऊन उभे. त्यांना आवाजच येईना. इतकी वर्षं त्या मशीनचा सूर ऐकून ते पलीकडच्या खोलीतून सांगायचे, कटर बोथट झालाय की गाठ लागली. आता मोटरांची नुसती बारीक सळसळ.

"ह्येचं काय चाललंय त्ये कळंनाच मला."

"चाललंय चांगलं, मिस्त्री."

"चाललंय की. दिसतंय. कळत न्हाई म्हणतोय."

थोड्या वेळानं त्यांनी मोटरला हात लावला आणि झटकन काढला. स्टेपर मोटर 70-80 अंशांपर्यंत तापणं तिच्या प्रकृतीत आहे, उभी असताना करंट निम्मा करायचा स्विचही लावलाय, हे सांगितलं. पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

त्यांच्या "कळत न्हाई"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझी तक्रार त्याच जातीची आहे. जुन्या कार्डावर प्रत्येक ट्रान्झिस्टरचा नंबर वाचता यायचा. जळला तर गावात मिळायचा, नाहीच तर पुण्याला पासोड्या विठोबाजवळ नक्की. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि चहा एवढ्यावर मशीन संध्याकाळी चालू व्हायचं. नवीन ड्रायव्हर म्हणजे ॲल्युमिनियमचा बंद डबा. आत दोन्ही बाजूंनी खच्चून भरलेलं कार्ड, आयसीवरचे नंबर घासून काढलेले, सगळ्याचा मेंदू एका प्रोसेसरमध्ये आणि त्यातला प्रोग्राम कुणालाही न दिसणारा. मॉस्फेट उडाला तर बदलून बघतो, कधी चालतो. प्रोसेसर गेला तर डबा कचऱ्यात. माझ्या धंद्यात दुरुस्ती कमी आणि बदली जास्त होत चालली आहे. बदलीत पैसे बरे मिळतात, हेही लपवत नाही.

कोल्हापूर म्हटलं की कुणीतरी बाबूराव पेंटरांचा कॅमेरा काढतंच. 1910 च्या दशकात, आयता मिळत नाही म्हणून त्यांनी इथंच सिनेमाचा कॅमेरा बनवला, दामल्यांना हाताशी धरून. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही. पण ती सांगणारे विसरतात की तो कॅमेरा उघडून आत बघता येत होता. दात, गिअर, भिंग, सगळं डोळ्यासमोर. बंद डब्याकडे बघून तसला माणूस काय करेल, हा प्रश्न मला पडतो. बहुधा तो डबा फोडेल.

म्हणून जुनं ठेवायला हवं होतं का? अजिबात नाही. पाचशे वॅट जाळून अर्धपोटी मोटर चालवण्यात कसलंही थोरपण नाही. माझ्या हातानं मी ती रेझिस्टन्सची रांग काढली आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही. बेड ठेवला, स्क्रू ठेवले, मोटरा ठेवल्या, ट्रान्सफॉर्मर ठेवला. लोखंड आणि तांबं वयानं बिघडत नाही, सांभाळलं तर. इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं, आणि त्याहीपेक्षा लवकर ते मागे पडतं.

पोराला आता सर्व्हो, म्हणजे आपण कुठे आहोत हे सतत मोजत चालणाऱ्या मोटरा, हवेत. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेत. मी नको म्हणालो. लाकूड आणि ॲल्युमिनियमला एवढं पुरे आहे, आणि फारच हौस असेल तर पुढे एन्कोडरवाल्या स्टेपर घे, त्या निदान पाऊल चुकलं तर सांगतात. मिस्त्रींनी दोघांनाही गप्प केलं.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, प्लास्टिकमध्ये घालून. कुठला स्विच वर, कुठला खाली, करंट किती, कुठल्या रंगाची वायर कुठल्या कॉईलची, पल्स उलटा का केलाय. सगळं मराठीत, पोराच्या अक्षरात, मी सांगितलं तसं. एक जादा ड्रायव्हर घेऊन ठेवा म्हणालो तर मिस्त्री म्हणाले, कपाटात पडलेल्या मालाचं व्याज तू भरणार हैस व्हय? चौथ्या दिवशी त्यांनी तो आणवला. माझ्या बिलातले निम्मे पैसे आलेत. उरलेले फौंड्रीवाल्यांचं पेमेंट झालं की.